साडूभाऊंच्या खिशातले फ्यूज

जगातलं प्रत्येक संकट तारेतून येतं, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. त्यात मी नोकरीला टेलिफोन खात्यात. म्हणजे त्यांच्या हिशेबाने जळगाव शहराला घरपोच संकट पुरवणाऱ्या खात्याचा मी पगारी माणूस. लग्नानंतर सासुरवाडीला आम्ही पहिल्यांदा शेजारी शेजारी जेवायला बसलो, तेव्हा त्यांनी माझं गाव, शिक्षण, भाऊ किती, शेती किती यांतलं काहीही विचारलं नाही. बट्टी चुरून त्यावर वरण ओतून घेतलं, तुपाची वाट पाहत थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "पाहुणे, तारेला दोन टोकं असतात. आपल्या टोकाला कोण बसलंय ते आपल्याला दिसतं. दुसऱ्या टोकाला कोण आहे, ते तुमचं खातं सांगतं का?" मी नवा जावई, चारचौघांत छाप पाडायची म्हणून म्हणालो, "साडूभाऊ, आमचं खातं आपलं टोकसुद्धा दोन-दोन वर्षं जोडून देत नाही." पंगत हसली. साडूभाऊ हसले नाहीत. "तेवढंच एक चांगलं काम करता," एवढं म्हणून ते खाली मान घालून जेवू लागले.

पिंप्राळ्यात त्यांचं लहानसं घर होतं. घरात फोन होता, कारण कारखान्याने तो सक्तीने बसवून दिला होता. त्या काळी फोनच्या तबकडीला छोटं कुलूप लावायची पद्धत पुष्कळ घरांत होती, पण ती बिल वाढू नये म्हणून. साडूभाऊंचं कुलूप वेगळ्या कारणासाठी होतं. त्यांना बाहेर जाणाऱ्या फोनची काळजी नव्हती, आत येणाऱ्याची होती, आणि येणारा फोन कुलपाने थांबत नाही हे माहीत असूनही निदान आपला विरोध नोंदवावा म्हणून ते कुलूप लावत. फोन वाजला की रिसीव्हर कानाला लावून गप्प उभे राहायचे. पलीकडचा "हॅलो, हॅलो" करून थकायचा. मग हे विचारायचे, "आधी तुम्ही कोण ते सांगा." सख्ख्या मेव्हण्याने नाव सांगितलं तरी भागत नसे, आईचं माहेर कुठलं, हे विचारून खात्री करून घ्यायचे. गल्लीत केबल टीव्हीची तार आली तेव्हा सगळ्यांच्या खिडक्यांतून ती आत शिरली, फक्त यांच्या भिंतीला वळसा घालून पुढे गेली. मुलं रविवारी शेजाऱ्यांच्या दारात जाऊन बसत. वहिनी, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणायची, "यांना घराला दारही नको होतं, पण मग आत कसं जायचं म्हणून ठेवलंय."

आता यातलं निम्मं हसण्यावारी नेता येईल. बाकीचं निम्मं का होतं, ते सांगायला पाहिजे. साडूभाऊ औद्योगिक वसाहतीतल्या एका सरकीच्या तेलाच्या कारखान्यात विजेच्या आणि नियंत्रणाच्या विभागाचे प्रमुख होते. पूर्वी तिथे प्रत्येक यंत्रापाशी एक माणूस उभा असे आणि तो बटण दाबत असे. मग शेठजींनी पीएलसी आणली. बुटांच्या खोक्याएवढी पेटी, तिला पुढे दिव्यांची रांग. कुठली मोटर कधी चालू करायची आणि कधी बंद, हे सगळं ती ठरवायची. कारखान्यात सगळे तिला पेटीच म्हणत. बटणवाले बहुतेक घरी गेले. उरला सुपडू. सुपडू अमळनेरकडचा, वयाने साडूभाऊंपेक्षा बराच लहान. सरकी वाहून नेणारी एक लांबलचक पन्हळ होती आणि तिच्यात लोखंडी मळसूत्र फिरायचं. दर सुट्टीच्या वारी, म्हणजे शुक्रवारी, त्या पन्हळीत उतरून, मळसूत्राच्या पात्यांमध्ये हात घालून चिकटलेली सरकी खरवडून काढायची, हे सुपडूचं काम. साडूभाऊंची सगळी भीती त्या पन्हळीत होती. पेटी दिसत नाही, ऐकत नाही, आत माणूस आहे की सरकी आहे हे तिला कळत नाही. तिला जो सांगेल त्याचं ती ऐकते. मग सांगणारा कोण, हे बघायला नको का? एवढा एकच प्रश्न त्या माणसाने जन्मभर विचारला.

म्हणून सुपडू आत उतरायच्या आधी साडूभाऊ स्वतः विजेच्या फलकापाशी जाऊन त्या मोटरचे चिनीमातीचे तिन्ही फ्यूज उपसून काढायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. बाजूला ठेवायचे नाहीत, ड्रॉवरमध्ये ठेवायचे नाहीत, खिशातच. त्या वजनाने त्यांच्या प्रत्येक शर्टाचा खिसा ओघळलेला असायचा आणि वहिनीने आतून दुहेरी कापड लावलेलं असायचं. सुपडू पन्हळीच्या काठावर बसून विचारायचा, "साहेब, बठ्ठं बंद शे ना?" सगळं बंद आहे हे सांगायला साडूभाऊ खिशावर थाप मारायचे. फ्यूज एकमेकांवर वाजायचे. मग सुपडू म्हणायचा, "मना दोन्ही हात तुमना खिसामा शेतस बरं," आणि खाली उतरायचा. हे दर आठवड्याला, शब्दशः असंच. देवळात आरती म्हणतात तसं दोघं ते म्हणत.

यात मॉडेम आला. शेठजींचा मुलगा, छोटे शेठ, पुण्याहून शिकून आला होता. त्याच्या मते पेटी बिघडली की पुण्याहून इंजिनिअर बोलवा, त्याला रात्रीच्या गाडीने आणा, शेवभाजी खाऊ घाला आणि त्याचं पोट बिघडलं की डॉक्टरकडे न्या, हा सगळा मागासलेपणा होता. आता इंजिनिअर पुण्यातूनच फोन लावणार, पेटीशी बोलणार, नवा प्रोग्रॅम भरणार. मॉडेम नावाची ती डबी फोन वाजला की स्वतःच उचलायची आणि पलीकडचा जे सांगेल ते पेटीला जसंच्या तसं पोचवायची. पेटी पासवर्ड विचारायची, नाही असं नाही, पण तो तिच्या समोर उभ्या असलेल्या माणसाला. फोनवरून आलेल्याला ती काहीच विचारत नसे. साडूभाऊंना हे कळलं त्या दिवशी ते माझ्या घरी आले, चहा पुढे तसाच ठेवला आणि म्हणाले, "पाहुणे, पुढच्या दाराला कुलूप लावलंय आणि मागची भिंतच पाडून टाकलीय." मी आपलं म्हणालो, "मागच्या बाजूने येणार कोण? कुणाला पडलंय जळगावच्या सरकीचं?" ते म्हणाले, "चोर येईल असं मी म्हणतच नाही. चांगला माणूस चुकून आला तरी सुपडूचे हात जातील."

पुढच्या दाराचीही कथा काही अभिमानाची नव्हती. पासवर्ड सगळ्यांच्या लक्षात राहावा म्हणून कुणीतरी तो फलकाच्या दारावर खडूने लिहिला होता, आणि लक्ष्मीचं नाव असल्यामुळे शेजारी कुंकवाचं बोट ओढलं होतं. रोज उदबत्ती फिरवणारा माणूस त्या पासवर्डलाही ओवाळायचा. साडूभाऊंनी एकदा तो पुसून नवा ठेवला आणि कुणालाच सांगितला नाही. दुसऱ्या दिवशी ते पाचोऱ्याला एका साखरपुड्याला गेले आणि कारखाना दुपारपर्यंत उभा राहिला. शेवटी जीप पाठवून त्यांना जेवणावरून उठवून आणलं. त्यांनी दार लावून घेऊन पासवर्ड घातला. आठवडाभरात दारावर पुन्हा लक्ष्मी आली, या वेळी ऑइलपेंटने. बाहेरून येणाऱ्या इंजिनिअरांसाठी त्यांनी दाराशी पाटी लावली होती: चपला व फ्लॉपी बाहेर ठेवाव्यात. आणलेली फ्लॉपी ते आधी ऑफिसातल्या जुन्या, कशालाही न जोडलेल्या कॉम्प्युटरमध्ये घालून पाहत. तो कॉम्प्युटर एवढा म्हातारा होता की तपासणी होईपर्यंत इंजिनिअरचं जेवण होऊन जायचं. आणि मॉडेमची तार काम झालं की काढून, गुंडाळून, जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून ते घरी घेऊन जात. एकदा वहिनीने डबा उघडताना ती बाहेर काढली आणि विचारलं, "ही भाजी कुणी दिली?" साडूभाऊंनी ती हातातून हिसकावून घेतली आणि देवघराच्या खणात ठेवली.

एकदाच मी त्यांना पूर्ण सुखी पाहिलं. दीपनगरला आमचे एक नातेवाईक वीज केंद्रात होते, त्यांच्याकडे आम्ही भरीत-पुरीला गेलो होतो. ओळखीने आत जाऊन जुन्या भागाचं नियंत्रण दालन पाहिलं. भिंतभर काट्यांच्या तबकड्या, हाताने फिरवायची चाकं, आणि प्रत्येक चाकापाशी उभा असलेला जिवंत माणूस. साडूभाऊ एकेका तबकडीपुढे थांबत होते. एका कामगाराला त्यांनी विचारलं, "फोन करून हे चाक फिरवता येतं का?" तो माणूस बावचळून म्हणाला, "साहेब, समोर उभं राहून फिरत नाही, फोनवर कुठून फिरणार?" परतताना साडूभाऊ गाडीत गुणगुणत होते. तसं त्यांचं गुणगुणणं मी पुन्हा कधी ऐकलं नाही. जळगाव जवळ आलं तसे ते स्वतःशीच म्हणाले, "यांच्याकडेही आणतील."

त्यांचं ऐकणारं कुणी नव्हतं, हे मला आज जास्त टोचतं. शेठजी वाईट नव्हते. ते ऐकून घेत, चहा पाजत आणि विचारत, "आजपर्यंत काही झालंय का?" साडूभाऊ म्हणत, "नाही." "मग?" काही होऊ नये म्हणून तो माणूस धडपडत होता, आणि काही होत नव्हतं म्हणून त्याचं कुणी ऐकत नव्हतं. कारखान्यात त्यांना शंकासुर म्हणायचे. ते वाटेत दिसले की पोरं एखादी सुतळी उचलून विचारायची, "साहेब, हिचं दुसरं टोक कुठं शे?" साडूभाऊ थांबून ती सुतळी खरोखर शेवटपर्यंत बघून यायचे.

मग तो दसरा आला. आपल्याकडे दसऱ्याला यंत्रांची पूजा होते आणि पुजलेलं यंत्र दुसऱ्या दिवशी अक्षता टाकून हलवेपर्यंत कुणी हात लावत नाही. त्या कारखान्यात ही पूजा शेठजींच्या आई करत. सगळे त्यांना अक्का म्हणत, शेठजीसुद्धा त्यांच्यापुढे मान वर करत नसत. फलकाची दारं सताड उघडलेली, पेटीला हळदकुंकू, पुढे आपट्याची पानं, नारळ, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत झेंडूची एकच लांब माळ, फ्यूजच्या फलकावरूनसुद्धा गेलेली. अक्कांनी सगळं न्याहाळलं आणि मॉडेमकडे बोट दाखवलं. "याची दोरी कुठे आहे?" साडूभाऊ म्हणाले, "माझ्या पिशवीत." अक्का म्हणाल्या, "अर्धवट यंत्राची पूजा होत नाही. जिथली तिथे लावा." साडूभाऊंनी पुष्कळ सांगून पाहिलं. शेवटी शेठजींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि साडूभाऊंनी पिशवीतून ती तार काढून जोडून दिली. अक्कांनी तिलाही कुंकू लावलं. आता ती उद्यापर्यंत हलणार नव्हती.

संध्याकाळी सोनं द्यायला साडूभाऊ माझ्याकडे आले. पान हातावर ठेवता ठेवता म्हणाले, "पाहुणे, एक काम कराल? उद्या दुपारपर्यंत कारखान्याची लाइन बंद ठेवता येईल?" मी म्हणालो, "साडूभाऊ, आमच्या खात्याचे फोन मागणी करून बंद पडत नाहीत, ते मनाने पडतात. आणि तक्रार शेठजींकडून लागेल." ते मान हलवत निघून गेले. मला तेव्हा गंमत वाटली. ज्या लाइनवर एरवी समुद्राचा आवाज यायचा, ती त्या दोन दिवसांत अगदी स्वच्छ चालली.

दुसऱ्या दिवशी सकाळचं मला सुपडूने सांगितलं. कारखाना दुपारी सुरू करायचा होता, म्हणजे त्याआधी पन्हळ साफ व्हायला हवी. अक्का अजून यायच्या होत्या, पूजा तशीच होती. तारेला हात लावायची सोय नव्हती. साडूभाऊ फलकापुढे आले. मग त्यांनी झेंडूच्या माळेखालून हात घातला आणि फ्यूज ओढले. माळ तुटली. फुलं खाली घरंगळली. सुपडू घाबरून म्हणाला, "साहेब, पूजा मोडाई गई." साडूभाऊंनी फक्त खिशावर थाप मारली. सुपडू आत उतरला, पात्यांमध्ये हात घालून खरवडू लागला. आणि मॉडेमची शीळ वाजली.

पुण्याचा इंजिनिअर आपल्या खुर्चीत बसून आपलं काम करत होता. शेठजींचा दुसरा कारखाना धुळ्याला, तिथल्या पेटीत त्याला नवा प्रोग्रॅम भरायचा होता. दोन्ही नंबर त्याच्यापुढे एकाखाली एक होते, त्याने वरचा फिरवला. मॉडेमने फोन उचलला, पेटीने काही विचारलं नाही, आणि धुळ्याचा प्रोग्रॅम जळगावच्या पेटीत शिरला. धुळ्याला ज्या हुकमाने गोदामाचा दिवा लागत असे, त्याच हुकमाने इथे मळसूत्राची मोटर सुरू होत असे. फलकात मोठ्याने खट् झालं. मोटरचा संपर्क जोडला गेला. मोटर फिरली नाही, कारण तिचा वीजपुरवठा साडूभाऊंच्या खिशात होता. पन्हळीतून सुपडूने विचारलं, "काय व्हयनं, साहेब?" मग तो वर चढून आला. साडूभाऊ फुलांमध्ये जमिनीवर बसले होते, खिसा दोन्ही हातांनी धरून. सुपडू मला म्हणाला, "भाऊ, साहेब मना हात दखे, बोटं मोजे, अन् पुन्हा मोजे."

माझी समजूत होती की आता तरी सगळे त्यांचं ऐकतील. चौकशी झाली, पण ती माळ कुणी तोडली याची. अक्का आल्या तेव्हा त्यांना फुलं जमिनीवर दिसली. पुण्याच्या इंजिनिअरने फोनवर माफी मागितली, अर्ध्या तासात जळगावचा प्रोग्रॅम पुन्हा भरून दिला, तोही त्याच मॉडेममधून, आणि छोटे शेठ म्हणाले, "बघा, पूर्वी दोन दिवस गेले असते." साडूभाऊंनी सांगितलं की सुपडूचे हात गेले असते. शेठजींनी विचारलं, "गेले का?" ते म्हणाले, "नाही." शेठजी म्हणाले, "मग?" पुढच्या महिन्यात साडूभाऊंची बदली भांडारात झाली, नट-बोल्ट मोजायला. मॉडेमची तार कायमची जोडली गेली. ती पुन्हा कुणी सोडू नये म्हणून छोटे शेठनी ती भिंतीत गाडून वरून प्लास्टर करून घेतलं.

त्या दिवसांत ते माझ्याकडे आले तरी तारेचा विषय काढत नसत. मला ते फार लागलं. त्यांच्या घरी फोन वाजला तर सरळ उचलायचे, "हॅलो" म्हणायचे. भांडणारा माणूस भांडायचा थांबतो ते बघवत नाही.

थांबला नाही तो सुपडू. पहिल्या सुट्टीच्या वारी त्याने स्वतः फ्यूज उपसले, रुमालात बांधले आणि भांडाराच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. म्हणाला, "खिसामा ठेवा, मंग मी उतरस." नव्या साहेबाने त्याला समजावलं की फ्यूज काढले की झालं, ते कुठे ठेवले याला महत्त्व नाही. सुपडूने ऐकून घेतलं आणि भांडाराचाच रस्ता धरला. साडूभाऊ निवृत्त झाले तरी हे चालू राहिलं. दर शुक्रवारी सकाळी तो सायकल मारत पिंप्राळ्याला यायचा, रुमाल द्यायचा, संध्याकाळी परत घेऊन जायचा. शुक्रवारी साडूभाऊ घर सोडत नसत. धुळ्याला माझ्या मुलीचं लग्न झालं, नेमकं शुक्रवारचं. तिचे सख्खे मावसोबा आले नाहीत. बायकोने त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला. मी त्याच संध्याकाळी परत येऊन पाहिलं तर ओघळलेल्या खिशाचा शर्ट घालून ते ओट्यावर बसले होते. "पाहुणे, रागावू नका," म्हणाले. "आज माझ्याकडे दुसऱ्याचे हात होते."

ते गेले ते सोमवारी, झोपेतच. तेराव्याला सुपडू आला होता, भिंतीशी उकिडवा बसला, जेवला नाही. त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी मी ऑफिसला निघायच्या तयारीत होतो, तर दारात सायकल लागली. सुपडूने रुमाल पुढे केला. म्हणाला, "भाऊ, आते हाई कोनजोडे ठेवू?"

मला सांगता आलं असतं की बाबा, नव्या साहेबाचं म्हणणं बरोबर आहे. पण मी रुमाल सोडला, तिन्ही फ्यूज शर्टाच्या खिशात टाकले आणि वरून थाप मारली. सुपडूने तो आवाज ऐकला, मान हलवली आणि सायकलवर टांग टाकली. मी बूट काढून ओट्यावर बसलो. खिसा चांगलाच खाली ओढला जात होता. थोड्या वेळाने घरात फोन वाजू लागला. बायको आतून म्हणाली, "उचला ना, ऑफिसचा असेल."

मी म्हणालो, "कोणाचा आहे काय सांगावं. सुपडू परत येईपर्यंत वाजू दे."